विशेषणांची वाटणी

"'ऑफ'ला सूचक कोण?" चेअरमननी विचारलं.

"मी," भास्करराव म्हणाले. "आन् अनुमोदक आमचे सावळेराम."

सचिवांनी ते लिहून घेतलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत कपबशी धरून बसलो होतो. तीसेक वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण प्रिपोझिशनला सूचक आणि अनुमोदक लागतो हे मला त्या दिवशी समजलं.

संगमनेरच्या वर, पठारावरच्या एका गावातली ही दूध संस्था. तिचा सचिव अशोक माझा जुना विद्यार्थी. माझी पत्नी चैत्रात गेली. त्यानंतर मी घरात नुसता बसून असे; पुस्तक उघडायचो आणि तेच पान संध्याकाळपर्यंत उघडं राही. अशोक भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, एक काम आहे. बाहेर पडाल तरी."

काम असं होतं. परदेशातला एक ट्रस्ट या भागातल्या एका संस्थेला बल्क कूलर देणार होता. बल्क कूलर म्हणजे दूध थंड ठेवणारी मोठी स्टीलची टाकी. पठारावर टँकर फक्त सकाळी येतो. सांजेचं दूध रात्रभर कॅनमध्ये राहतं आणि उन्हाळ्यात सकाळी टँकरवाला ते परत करतो. कूलर मिळाला तर दोन्ही वेळचं दूध जाणार होतं. नाहीतर निम्मं दूध वायाच. ट्रस्टच्या बाई दोन संस्था बघणार होत्या. शेजारच्या संस्थेचा चेअरमन पुण्यात शिकलेला, इंग्रजीत बोलणारा. म्हणून आमच्या चेअरमननीही, नानांनी, इंग्रजीत चार वाक्यं बोलावीत असं ठरलं. ती लिहून द्यायची आणि नानांकडून पाठ करून घ्यायची, हे माझं काम.

वाक्यं साधी होती. आम्हांला आमच्या सभासदांचा अभिमान आहे. आम्ही गायी सांभाळण्यात चांगले आहोत. आम्हांला उन्हाळ्याची भीती वाटते. आम्ही तुमचे आभारी आहोत. नाना हुशार माणूस. शब्द पटकन पाठ झाले. अडलं ते मधल्या छोट्या शब्दांपाशी.

मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो: गायीची, गायीला. इंग्रजीत एक वेगळा छोटा शब्द नामाच्या आधी उभा राहतो आणि तो कोणता हे पुष्कळदा विशेषण ठरवतं. 'प्राउड'ला 'ऑफ' लागतो. 'गुड'ला 'ॲट'. 'अफ्रेड'ला पुन्हा 'ऑफ'. 'ग्रेटफुल'ला 'टू'.

"का?" नानांनी विचारलं.

"त्याला कारण नाही, नाना. तसं ठरलंय."

"कुणी ठरावलं?"

"बोलणाऱ्यांनी. सगळ्यांनी मिळून."

नानांचा चेहरा उजळला. "मंग आसं सांगा की सर! ठरावच हाय त्यो. दुरुस्ती टाकता येती."

मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाच्या सभेचं बोलावणं आलं.

सभेत विषय क्रमांक एक दुखवट्याचा होता. माझ्या पत्नीचं नाव वाचलं गेलं. ती या गावात कधी आलीही नव्हती. सूचक नाना, अनुमोदक भास्करराव. हे दोघं विरुद्ध गटांचे. एकाच ठरावावर दोघांची नावं प्रथमच आली, असं अशोकनं मला नंतर सांगितलं. सगळे उभे राहिले. पंखा बंद केला गेला. बाहेर एक म्हैस ओरडत होती, तेवढाच आवाज. मग सगळे बसले, पंखा सुरू झाला आणि नाना म्हणाले, "विषय क्रमांक दोन. विंग्रजी."

नानांची सूचना अशी की संस्थेच्या कामकाजात सगळ्या विशेषणांना सरसकट 'विथ' लावावा. पाठ करायला सोपं. शिवाय 'विथ' म्हणजे सोबत. सहकाराचं तत्त्वच ते.

भास्कररावांना 'विथ'शी काही देणंघेणं नव्हतं. पण सूचना नानांची होती. "आमचा विरोध नोंदवा. आमचा गट 'ऑफ'च्या मागं उभा हाय."

"तुमाला 'ऑफ' म्हंजी काय ते तरी म्हाईत हाय का?" नाना.

"फ्यानच्या बटनावर लिवलेलं हाय. घराघरात पोचल्याला शब्द हाय त्यो. तुमचा 'विथ' कोन वळखतंय?"

मी उभा राहून सांगायचा प्रयत्न केला की हा मतदानाचा विषय नाही. "सर, तुमी तज्ज्ञ म्हणून हायेत," नाना अदबीनं म्हणाले. "तज्ज्ञाला मताचा अधिकार न्हाई. उपविधीत हाय तसं."

मतं समसमान पडली. नानांनी निर्णायक मत वापरलं तर भास्कररावांचा गट पाहुण्यांच्या कार्यक्रमावर बहिष्कार टाकणार होता. शेवटी संस्थेत नेहमी निघतो तो तोडगा निघाला. वाटणी. चार विशेषणं, दोन गट. 'प्राउड' आणि 'अफ्रेड' भास्कररावांच्या 'ऑफ'ला. 'गुड' आणि 'ग्रेटफुल' नानांच्या 'विथ'ला.

"आणि 'ॲट', 'टू'?" मी विचारलं.

"त्यांच्यामागं कुनी न्हाई," भास्करराव म्हणाले. "लईच वाटलं तर म्होरल्या खेपंला स्वीकृत संचालक म्हणून घिऊ."

ठराव मंजूर झाला. चारांपैकी तीन जोड्या ('गुड विथ काउज'ही चालतं) इंग्रजीत चालण्यासारख्या निघाल्या, हे मी कोणाला सांगितलं नाही. चौथी बदलून घेण्यासाठी पुन्हा सभा लावावी लागली असती.

बाई आल्या त्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. संस्थेपुढच्या मोकळ्या जागेत मंडप. बाई पोचल्या आणि सत्कार सुरू झाले. आधी त्यांचा फेटा. मग नानांच्या गटातल्या एकाची शाल, की लगेच भास्कररावांच्या गटातल्या एकाची. नारळ, गुच्छ, फोटो. एका बाजूचा फोटो हलला म्हणून तो पुन्हा काढला. माझाही सत्कार झाला, दोन्ही गटांकडून वेगवेगळा. दोन शाली पांघरून मी घामानं निथळत बसलो.

मंडप नेमका टँकर उभा राहतो तिथं घातला होता. टँकर रस्त्यावर खोळंबला. सकाळचं दूध कॅनमध्ये, कॅन उन्हात. हे सगळ्यांना दिसत होतं. पण यादी मध्येच थांबवायची तर कोणाचा सत्कार गाळायचा? दोन्ही गट एकमेकांकडे बघत आणि टाळ्या वाजवत.

अखेर नाना माइकपाशी गेले. "मॅडम. वुई आर अफ्रेड…" ते थांबले. 'अफ्रेड' कोणाच्या वाट्याला गेलं होतं हे त्यांना आठवेना.

"ऑफ!" भास्करराव ओरडले.

"विथ!" नानांचा गट ओरडला.

"ऑफ!" "विथ!" "ऑफ!" "विथ!"

बाईंना ही इथली घोषणा वाटली असावी. त्या उठल्या आणि मूठ वर करून "ऑफ!" म्हणाल्या. भास्कररावांच्या गटानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात द्वारकाबाई उठल्या. दोन गायींवर घर चालवणाऱ्या सभासद. "आवो बाबांनो, पुरं करा की आता! दूध गेलं!" त्यांनी जवळच्या कॅनचं झाकण उघडलं. आंबूस वास मंडपभर पसरला. फेटा सांभाळत बाई खाली उतरल्या, कॅनमध्ये वाकून बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, असं नेहमी होतं का?

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी ते मराठीत विचारलं, द्वारकाबाईंनी उत्तर दिलं.

"सांजचं दूध तर उन्हाळाभर रोजच आसं. सकाळी टँकरवाला म्हागारी लावतो. वतून देते मी गटारात. हातानं काढायचं आन् हातानंच वतायचं, सांगा त्यांला."

मी शब्दाला शब्द सांगितलं. बाईंनी ते डायरीत टिपून घेतलं. शेजारच्या संस्थेत त्यांना चांगलं भाषण ऐकायला मिळालं होतं. नासलेलं दूध मात्र इथंच दिसलं.

दिवाळीनंतर कूलर आला. आता सांजेचं दूध सकाळी टँकरमध्ये जातं. अभिमानानं की काय कोण जाणे, नाना प्रत्येक पाहुण्याला त्या टाकीला हात लावायला लावतात. द्वारकाबाईंनी तिसरी गाय घेतली आहे. मीही अजून आठवड्यातून एकदा एसटीनं वर जातो. अर्ज आणि ईमेल बघून देतो, चहा पितो, परत येतो.

लोक विचारतात, पाहुण्यांपुढं कार्यक्रम आटोपशीर असावा ना? या बाबतीत माझं ठाम मत नाही. मंडप मात्र टँकरची जागा सोडून घालावा. दर वेळी बाई वाकून बघतीलच असं नाही.