कॅनमधलं गोड पाणी

माझ्या सासरी पाण्याची पारख डाळीवर करतात. तुरीची डाळ चटकन शिजून लोण्यासारखी झाली की पाणी चांगलं, आणि टणक राहिली की वाईट. संपला विषय! लग्न होऊन माहेराहून, पूर्णेहून, बोरीजवळच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी मला घराच्या आधी विहीर दाखवली. "असं पानी तुमच्या पूर्णेत न्हाई मिळायचं," म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, पाणी खरंच लय गोड होतं. विहिरीला लागून शेळ्यांचा गोठा, त्याला लागून उकिरडा. पुढं नवा संडास बांधला तेव्हा शोषखड्डाही तिथंच खणला, कारण रिकामी जागा तेवढीच होती. सगळं कसं हाताशी!

गावात बोअरही होता, पण त्याचं पाणी जड. डाळ शिजत नाही म्हणून ते धुण्याभांड्याला आणि शेळ्यांना. माणसांनी प्यायचं ते विहिरीचंच.

मुलगी झाली, जराशी मोठी होऊन पाणी प्यायला लागली आणि तिचं पोट बिघडायला सुरुवात झाली. जुलाब, उलट्या, ताप. चार दिवस बरे जायचे की पुन्हा तेच. गाल बसले, डोळे खोल गेले. कुणी म्हणालं दात येतायत, कुणी म्हणालं नजर लागली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. एका चुलतसासूनं तर माझ्या हातालाच गुण नाही असं सांगितलं. त्या दिवशी मी चहाचं पातेलं असं आदळलं, की गोठ्यातल्या शेळ्या ओरडायला लागल्या.

बोरीच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पाजता? उकळता का?"

माझ्या आधी सासूबाई बोलल्या, "डाळ चटकन शिजती, डाक्टर. उकळायचं कशाला? गोडवा मरतो की त्याचा." उकळायचं राहूनच गेलं.

मी माहेरी निघाले की सासूबाई त्या विहिरीच्या पाण्याचं कॅन भरून हातात द्यायच्या. "परक्या पान्यानं लेकरू आजारी पडंल. हेच पाज." मीही शहाणी, तेच पाजायचे! मग मुलगी पूर्णेतही आजारी पडायची आणि पाण्यावर संशय घ्यायला जागाच राहायची नाही. उलट सासूबाई म्हणायच्या, "माझं पानी होतं म्हनून तरी निभावलं."

एकदा मात्र बस खड्ड्यात आदळली आणि कॅन उलटलं. झाकण निघालं, सगळं पाणी एका आजोबांच्या धोतरावर. "आगं बाई, धरण फोडलंस का काय!" आजोबा उभे राहून ओरडायले आणि अख्खी बस हसायली. मी लाजेनं मान वर केली नाही. त्या वेळी मुलगी आईकडचं उकळलेलं पाणी प्यायली. मुक्काम संपेपर्यंत तिला काही म्हणता काही झालं नाही. भाकरी कुस्करून खायची आणि मांजराची शेपटी ओढत घरभर फिरायची.

गावी परत आलो आणि पुन्हा जुलाब. आईनं फोनवर हुकूमच सोडला. "पोळा झाला की बाबा येतील. लेकरू इकडं पाठवून दे, शाळेला जाईपर्यंत आमी सांभाळतो." पोरगी वाचायची तर माझ्यापासून लांब जायला हवी! मी फोन ठेवला आणि पदर तोंडात धरून रडले.

रडता रडताच ते सांडलेलं कॅन आठवलं. तशीच उठले आणि सासूबाईंना तोंडावर म्हणाले, "कॅन सांडलं म्हणून पोरगी बरी राहिली. विहिरीतच खोट आहे."

"माझ्या हिरीला नावं ठेवायलीस व्हय गं?" त्यांनी बोलणंच टाकलं.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडं पाणी तपासायच्या बाटल्या असतात. पाणी भरून उबेला ठेवायचं, घाण असली की ते काळं पडतं. हे ऐकून सासूबाईंना चेव आला. "आन दोन बाटल्या! एकीत माझी हीर, एकीत त्यो बोअर. कुनाचं तोंड काळं व्हतंय ते बघूच!" माझ्यावर भरवसा नव्हता. विहिरीच्या बाटलीला त्यांनी स्वतः लाल दोरा बांधला, आणि विरजण लावावं तशा दोन्ही बाटल्या गोधडीत गुंडाळून ठेवल्या. कुणाला हात लावू देतील तर शपथ.

गोधडी उघडली तेव्हा दोऱ्याची बाटली काजळासारखी काळी झाली होती. दुसरी होती तशीच. सासूबाईंनी दोरा पुन्हा पुन्हा चाचपून बघितला. मला वाटलं होतं, जिंकल्यावर मी चांगलं सुनावेन. पण त्यांचं तोंड बघून मी गोधडीची घडी घालत बसले. त्यांनी चहासुद्धा न घेता कळशी उचलली आणि बोअरकडं चालू लागल्या. इतके दिवस घरात चांगलं पाणी प्यायल्या त्या फक्त या मेल्या शेळ्या!

पोळा झाला आणि बाबा आले. मुलगी त्यांच्या पायात पळत गेली. गाल भरले होते तिचे. सासूबाईंनी तांब्या पुढं केला. बाबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लय जड लागायलंय हो पानी."

"जडच हाय," सासूबाई म्हणाल्या. "पर नातीला न्यायचं नाव काढू नका, इवाई. इतके दिस वंगाळ पानी मीच माझ्या हातानं पाजलं तिला. आता चांगलं बी मलाच पाजू द्या."

मी दाराला धरून उभी होते. बाबांनी एकदा मुलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा रिकामा केला.

"पूर्णेला जायला सकाळची गाडी किती वाजता हाय?" तोंड पुसत ते म्हणाले. "एकट्याला जागा मिळंल ना?"