काट्याचा नंबर

ती कापसाची वाईट वर्षं होती. अळी, भाव, पाणी, जे बिघडायचं ते एकाच हंगामात बिघडायचं. मारेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्याच्या केबिनीत कॉम्प्युटरवर बसायचे. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन माझ्या पडद्यावर यायचं आणि पलीकडे ऑफिसात पावती निघायची. माझी पहिली नोकरी होती ती, आणि जायच्या बेतात होती.

लाइट जाऊन आली की माझा कॉम्प्युटर ऑफिसशी बोलेनासा व्हायचा. पडद्यावर सरळ लिहून यायचं, की याचा पत्ता दुसरंच कुणीतरी वापरतंय. हे मी घसा फोडून सांगायचे. शेठ म्हणायचे, "पोरगी काहीबाही दाबून राह्यली." मी काही गरीब गाय नव्हे. एकदा त्यांच्यासमोर कीबोर्ड आपटला, आणि माझी बाजू होती तीही पडली. शेवटी त्यांनी बजावलं, आज दुरुस्त झालं तर झालं, नाहीतर उद्यापासून पावत्या हातानं आणि मी घरी.

त्याच दिवशी पुसदहून नेटवर्कवाली आली. माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, हिनं डिप्लोमा केलेला, आणि आवाज असा खणखणीत की जिनच्या घरघरीतही ऐकू यावा. आल्या आल्या म्हणाली, "बिघाड सापडल्याबिगर मी चहा पेत नाही." मला तर ती तिथंच आवडली.

ऑफिसच्या भिंतीवर स्विच होता, म्हणजे सगळ्या तारा येऊन मिळतात तो डबा. त्यावरची रुई तिनं ओढणीनं झटकली, लॅपटॉपची वायर लावली आणि मला जवळ बोलावून हंगामभराची माझी तक्रार ऐकून घेतली. "याले स्वतःचा पत्ता असते. तो असला की मी पुसदले बसून इचारू शकतो, कोनती तार मेली म्हणून. पण हे पाय, याचा पत्ता अन् तुया कॉम्प्युटरचा पत्ता एकच हाय. कोनं देल्ला?"

"म्या," ऑफिसात पावत्या काढणारे दिवाणजी म्हणाले. डब्याला पत्ता म्हणून कोणता नंबर द्यायचा, असं बसवणाऱ्यानं फोनवर विचारलं होतं. "काट्याचा नंबर साजरा चालून राह्यला होता. म्हटलं, तोच देऊ."

यात त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. आमच्याकडे बियाणं असंच घेतात. शेजाऱ्याच्या वावरात ज्या नंबरला बोंडं चांगली लागली, त्याच नंबरची पिशवी अख्खं गाव मागतं.

ती मनापासून हसली. "काका, बियानं गावभर एकच चालते. पत्ता ज्याचा त्याले लागते." मग ऑफिस, प्रिंटर, कॅमेरे, कुणाकडे कोणता नंबर आहे ते पाहून तिनं डब्याला मोकळा नंबर दिला. माझ्या केबिनीतून त्याला हाक मारून पाहिली. उत्तर आलं.

माझ्यासाठी काम तिथंच संपलं होतं. तिच्यासाठी नाही. तिनं नवा पत्ता डब्यात कायमचा जपून ठेवला, नाहीतर लाइट गेली की तो विसरतो म्हणे, आणि बाहेर जाऊन मेन स्विच खाली ओढला.

सगळं बंद. फाटकापर्यंत गाड्या उभ्या. शेठ धावत आले. "काय करून राह्यली तू?"

"लाइट तं जानारच हाय, शेठ. मी हाय तवर जाऊ द्या."

इतक्या माणसांत इतकं निवांत उभं राहता येतं, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. मी तिच्यावर फिदा झाले, दुसरा शब्द नाही.

तिनं मेन वर केला. डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकले, माझा कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर तक्रार नाही. ट्रॅक्टर काट्यावर आला आणि ऑफिसातून दिवाणजी पावती हलवत बाहेर आले.

शेठ खुशीत म्हणाले, "मानलं तुले, बेटा!"

ती वायर गुंडाळत होती. "मले काय सांगून राह्यले? हंगामभर खरं ही पोरगी सांगून राह्यली होती. हिले सांगा."

शेठ घुटमळले. माझ्याकडे पाहिलं, मग गाड्यांकडे.

"उद्या गर्दी राहीन," ते मला म्हणाले. "जरा लवकर येजो."

"येतो," म्हटलं, आणि केबिनीचं दार लावून पोटभर रडले.