पट्टीबाई

राणीसावरगावच्या आमच्या अंगणवाडीच्या बाई पोराचं नाव नंतर विचारायच्या, आधी हनुवटी धरून डोळे बघायच्या. काजळ दिसलं की आईच्या देखत पदरानं पुसून टाकायच्या. "दृष्टीची भीती असंल तर तळपायाला तीट लाव की. डोळ्यात बोट कशाला घालायलीस?"

आज मी गावोगाव लहान मुलांच्या डोळ्यांसाठी पत्रकं वाटते, ती या बाईंमुळे. स्पष्टच सांगते, त्या नसत्या तर माझा डावा डोळा नुसता शोभेला उरला असता. तो तिरळा होता, आणि घरात त्याचं चक्क कौतुक होतं. "तिरळी पोर लक्ष्मी आणती," आज्जी म्हणायची.

"आणू द्या की," बाई म्हणाल्या, "पण तिला ती दिसू तरी द्या."

खेळता खेळता त्या प्रत्येक पोराचा एकेक डोळा तळहातानं झाकायच्या. माझा डावा झाकला तर मी गप्प, उजवा झाकला की रडारड. त्याच संध्याकाळी बाई आमच्या दारात. वडील म्हणाले, "बाई, ती लांबून शेळ्या ओळखती."

"उजवा झाकून विचारा की, दादा."

वडिलांनी झाकला. मी बोकडाला आत्या म्हणाले. आत्या ते अजून विसरलेली नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली, म्हणजे आळसावलेला डोळा कामाला लागेल. वय वाढलं की हा उपाय फारसा चालत नाही, हेही बजावलं. गल्लीला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. खराब डोळा उघडा आणि चांगला झाकलेला! पोरं मला "ढापणी" म्हणायला लागली, तर बाई स्वतःच्या डोळ्यावर पट्टी लावून खिचडी वाढायला बसल्या. निम्मी ताटाबाहेर. तेव्हापासून त्या पट्टीबाई.

आज्जीला मात्र माझी दया यायची. ती गुपचूप पट्टी काढून डाव्या डोळ्यावर चिकटवायची. बाईंनी ओळखलंच. "पोरगी आज कुठंच ठेचकाळली न्हाई. पट्टी कुणी हलवली?" घरी येऊन त्या आज्जीजवळ शेळ्यांच्या वाड्यात बसल्या.

"आज्जी, शेळीला दोन पिल्लं झाली अन् तगडंच सगळं दूध प्यायलं, तर काय करता?"

"तगड्याला बांधते अन् मरतुकड्याला आधी पाजते. त्यात काय इचारायचं?"

"मी तेच करायले."

दुसऱ्या दिवसापासून पट्टी आज्जीच लावायची, उजव्या डोळ्यावर, आणि मी रडले तर तीही रडायची. पण काढायची नाही. आज मी डाव्या डोळ्यानं वाचते.

निवृत्तीनंतर बाई सेलूला मुलाकडे गेल्या. माझं पहिलं पत्रक घेऊन मी त्यांना भेटले. काजळ घालणाऱ्या आयांना त्यात मी अडाणी, निर्दयी, काय काय म्हटलं होतं. बाईंनी चष्मा सावरत सगळं वाचलं.

"लय कडक लिहिलंस. पण तुझ्या आज्जीला मी असं बोलले असते, तर तिनं मला वाड्यात बसू दिलं असतं का?"

मी ते पत्रक नव्यानं लिहिलं. राग तेवढाच आहे, पण आता तो आयांवर नाही. अंगणवाडीत पोरांचे डोळे तपासायला वर्षानुवर्षं माणूस न पाठवणाऱ्यांवर आहे. आयांसाठी त्यात शेळीची दोन पिल्लं आहेत.

छापून आलं तेव्हा बाई वारल्या होत्या. त्यांना दाखवायचं राहिलं.