आठवडा कुठून सुरू करायचा

दुष्काळाचं साल होतं आणि मुकुंदवाडीच्या बाजूला इमारतींवर इमारती उठत होत्या. नळाला पाणी नव्हतं, पण फ्लॅटच्या जाहिरातीत पोहायचा तलाव असायचा. माझी सून महापालिकेत टँकरच्या फेऱ्या कॉम्प्युटरवर चढवायच्या कामाला होती. साहेबांनी तिच्याकडं तक्ता मागितला: डावीकडं गल्ल्या, वर तारखा, मध्ये फेऱ्या. तो बघून ते कोणत्या गल्लीचा टँकर बंद करायचा हे ठरवणार होते.

पहिल्यांदा काढला तेव्हा प्रत्येक तारखेचा वेगळा रकाना झाला. कागदाला कागद चिकटवून तक्ता घरभर पसरला. माझा लेक म्हणाला, "नेसतीस का आता?" मग तिनं तारखा महिन्यात कोंबल्या. तक्ता एका पानावर बसला. त्यात आमच्या गल्लीपुढं आठ फेऱ्या, शेजारच्या गल्लीपुढंही आठ.

"आठच्या आठ टँकर आपल्या गल्लीत त्या गुत्तेदाराच्या पोरीचं लग्न होतं तेव्हा आले," मी म्हणाले. "टँकर त्याचेच. वऱ्हाडी आंघोळी करून गेले. पुढं तीन आठवडे थेंब नाय. शेजारच्या गल्लीत मात्र दर आठवड्याला दोन."

"आई, बेरीज बरोबर आहे."

"मग बेरीजच भर हंड्यात."

ती चिडली. पण दोन दिवस तीही बिनआंघोळीची कामावर जात होती. महिना मोडून आठवडे करते म्हणाली. मी म्हटलं, बाजार ते बाजार धर. कन्नडजवळ माझ्या माहेरी बाजार गुरुवारी, त्यामुळं माझा आठवडा अजून गुरुवारीच उजाडतो. तिनं तसं केलं. लग्न नेमकं गुरुवारचं. आदल्या दिवसांच्या चार फेऱ्या एका रकान्यात गेल्या, उरलेल्या चार पुढच्यात. बघणाऱ्याला वाटावं, पंधरा दिवस आम्ही म्हशीसारखे पाण्यात लोळतोय.

"घ्या तुमचा बाजार," सून म्हणाली आणि मला न विचारता आठवडा रविवारपासून धरला. कॉम्प्युटरही मुळात तसाच धरतो म्हणे. आता पहिल्या रकान्यात आठ आणि पुढचे तीन रिकामे.

"रिकामे नको ठेवू," मी म्हणाले. "साहेबाला वाटंल शाई संपली."

तिनं तिथं शून्यं टाकली.

साहेबांनी आमचा टँकर ठेवला, आणि दर आठवड्याला दोन फेऱ्या झाल्याच पाहिजेत असं गुत्तेदाराला बजावलं. तो तडक आमच्या दारात.

"मावशी, माझ्या फेऱ्यांत ही शून्यं कुणी टाकली?"

"तुम्हीच. सुनेनं नुसत्या तारखा नीट लावल्या."

मुकाट जाणारा माणूस नव्हता तो, शिव्या देत गेला. मंगळवारी टँकर आला. पाइप आधी कुणाच्या ड्रमात सोडायचा यावरून मी शेजारणीशी गल्ली गोळा होईस्तोवर भांडले, आणि आमचा ड्रम भरूनच तिला पाइप दिला.