अब्बांचं होकायंत्र

आज जानमाजची, नमाज पढायच्या चटईची, घडी उघडली आणि खसच्या अत्तराचा वास येताच मला कोरमंगलातली पीजीची पहिली खोली आठवली.

मी भौतिकशास्त्र शिकायला आले होते. मला सोडायला आलेल्या अब्बांनी मिरजेपासून एकच घोर लावून घेतला होता: एवढं विज्ञान शिकून मुलीची नमाज सुटली तर? ते मला परत नेतील, अशी धास्ती माझ्या मनात होती.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, वेळ झाली. अब्बांनी खिशातलं होकायंत्र खाटेवर ठेवलं आणि सुई पाहून जानमाज अंथरली.

"अब्बा, खाट लोखंडी आहे. सुई फसतेय."

मी होकायंत्र गच्चीवर नेऊन दिशा पाहिली. किब्ला, म्हणजे नमाज पढायची दिशा, बराच उजवीकडे निघाला.

"आता बापाला नमाजही तूच शिकवणार?"

"नमाज तुमचीच. फक्त दिशा माझी."

ते हसले, त्यांनी जानमाज फिरवली आणि माझ्या शब्दावर सजद्यात कपाळ टेकवलं. निघताना म्हणाले, "जानमाज, होकायंत्र, दोन्ही इथंच राहू देत. तुला लागतील."

तेव्हा वाटलं होतं, मी त्यांना पटवलं. आता श्रद्धेवर लिहायला बसले की कळतं, त्यांनी मला नमाज आणि विज्ञान, दोन्ही सोपवलं होतं.