आक्काचा सीन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आक्कापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर ‘गावचा पिक्चर जपणारा मास्तर’ म्हणून ओळखत असाल. तीच तर अडचण आहे.

आधी पिक्चरचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीनं घाटनांदूरच्या अलीकडं, आमच्या गावात, ऊसतोडीवर सिनेमा काढला. मी नुकताच एम.ए. होऊन कॉलेजात शिकवायला लागलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर — हे सांगताना मान अजून ताठ होते, होऊ द्या. शूटिंगला माणसं, बैल, भाकरी जमवायचं काम माझ्याकडं होतं. नट दोनचार बाहेरचे, बाकी सगळं गावच. आणि मग? कंपनीनं पिक्चर डब्यात टाकला. काहून टाकला, ते कुणी सांगितलं नाही. थेटर नाही, टीव्ही नाही, मोबाइलवरही नाही. एडिटिंग करणाऱ्या माणसाला मात्र वाईट वाटलं असावं. त्यानं एक कच्ची कॉपी डिस्कवर घालून माझ्या हातात दिली. म्हणाला, मास्तर, इकडचं सगळं पुसून टाकणार आहेत, तुमच्यापाशी तरी राहू द्या.

राहिली. दसरा झाला, की ऊसतोडीच्या टोळ्या फडावर निघायच्या आदल्या दिवशी, अंधार पडता पडता समाजमंदिराच्या भिंतीवर आम्ही तो पिक्चर लावतो. वर कोपऱ्यात आकडे पळत असतात, मधोमध कंपनीचं नाव पुसट दिसतं — आमच्या लेकरांना वाटतं, पिक्चर असाच असतो. गावाला सगळे डायलॉग पाठ. नटाच्या आधी गावच बोलतं. किसनतात्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण पडद्यावर ते बैलाला शिव्या हासडायला लागले की त्यांची म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करते. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याच्या वाटेला लागतं, ते हा पिक्चर तोंडात घोळवतच. कंपनीनं मारलेला पिक्चर आम्ही असा जिता ठेवला. मी ठेवला, म्हणतात.

आता आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. मायबाप फडावर गेले की मला तीच सांभाळायची. तिची शाळा तिसरीत सुटली — कुणासाठी, ते सांगायला पाहिजे का? पिक्चरमध्ये तिला एक बारकं काम होतं. पोराला बोर्डिंगात सोडायला आलेली आई. डायरेक्टर म्हणाला, पाठ करू नका, तुमच्या मनानं बोला. ती बोलली. शूटिंगवाले टाळ्या वाजवायला लागले, तर ती लाजून गाडीमागं जाऊन उभी राहिली.

पण भिंतीवरच्या पिक्चरमध्ये तो सीन नाही. दरवर्षी बायका तिला छेडतात, “काय गं हिरॉइन, तुजा सीन कुठं गेला?” आक्का म्हणते, “खाल्ला गं कंपनीनं! काम जमलं नसंल माजं. मला कुठं येतंय त्येंच्यासारखं?” आणि सगळ्यांत मोठ्यानं हसते. पण पिक्चरमध्ये त्या सीनची जागा जवळ आली की खाली बघून शेंगा फोडत बसते. मी भिंतीकडं बघत नाही त्या वेळी. तिच्या हातांकडं बघतो.

कंपनीनं नाही खाल्ला. मी काढला.

का? ऐका. गावात पहिल्यांदा पिक्चर लावायचा होता, तेव्हा माझी सोयरीक जुळत होती. अंबाजोगाईची माणसं. होणारे सासरे आणि माझ्या कॉलेजातले दोन प्राध्यापक बघायला येणार होते. त्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, की वडील कारखान्यात नोकरीला होते. आणि सीनमध्ये आक्का त्या पोराला म्हणते, “कुनी इचारलं तर फडाचं नाव काढू नकू. बाप कारखान्यात नोकरीला हाय म्हन.” हेच, अगदी याच शब्दांत, तिनं मला सांगितलं होतं. पाचवीत, बोर्डिंगच्या फाटकाशी. पोरं चिडवतील, म्हणून. फडावरचं म्हणून कुणी बाजूला बसवू नये, म्हणून. लहान लेकराला पांघरूण द्यावं तसं तिनं मला एक खोटं दिलं होतं. लेकरू मोठं झालं, एम.ए. झालं, तरी ते पांघरूण सोडीना — यात तिचा काय दोष?

वाटलं, ऐकणाऱ्याला कळणार. गावातली कुणीतरी खिदळून म्हणणार, ही तर मास्तरचीच गोष्ट.

म्हणून काढला. वीज गेली नाही, मशीन बिघडलं नाही. आधी दाखवायच्या कॉपीतून काढला, मग उद्या कुणाच्या हाती लागायला नको म्हणून डिस्कवरूनही पुसला. चहा निवायच्या आत झालं सगळं.

आणि गंमत बघा. लग्नानंतर एकदा सासरे सहज म्हणाले, “तुमच्या वडिलांचा हात हातात घेतला ना, तेव्हाच कळलं होतं हो, हा कोयत्याचा हात आहे म्हणून.” लग्नाआधीच कळलं होतं! आणि तरी पोरगी दिली. मग मी लपवलं कुणापासून?

पुढं तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, ‘कलेचा राखणदार’ वगैरे. आक्का पहिल्या रांगेत. टाळ्या तिच्याच थांबत नव्हत्या. मी शाल घेतली. बोललो का काही? नाही. चांगलं भाषण केलं.

औंदा पिक्चर संपल्यावर ती सतरंजी झटकता झटकता म्हणाली, “बाळ्या, माजा तुकडा आसंल का रं त्या कंपनीकडं? नातीला दावला असता. ती म्हनती, आजी, तू थापा मारती.” मी म्हणालो, “इचारतो, आक्का.”

कुणाला विचारणार होतो मी?

तो सीन आता कुठंच नाही. मी पुसायच्या आधी दोनदा बघितला होता, तेवढाच आहे. आक्काची नात सातवीला आहे, तिला चांगलं वाचता येतं. तिच्यासाठी लिहून ठेवतो.

बोर्डिंगचं फाटक. आक्का डोक्यावरची पत्र्याची पेटी खाली ठेवते. पदराचं टोक जिभेवर ओलं करून पोराचं तोंड पुसते. ते मान झटकतं. “आरं थांब की! तितं कोन पुसनार हाय तुजं तोंड?” मग ते कारखान्याचं वाक्य. एकदा सांगते, आणि पोरगं नीट ऐकत नाही म्हणून परत एकदा सांगते. पोरगं पेटी उचलून आत जातं. आक्का वळते, चार पावलं येते, आणि तिला दिसतं, शेंगदाण्याच्या लाडवाचं गठुडं तिच्याच काखेत राहिलं. ती पळत फाटकाशी येते. गज धरते. हाक मारते — “बाळ्या!” हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पिक्चरमध्ये त्या पोराचं नाव दुसरंच होतं, त्यामुळं ते वळत नाही, चालत राहतं.

आक्का गजातून गठुडं आत धरते, आणि परत हाक मारते.