आप्पासरांचा चेहरा शोधताना

परवा सकाळी डोंबिवलीहून निघाले ती एका चेहऱ्याच्या शोधात. या वयात हे काय म्हणाल, पण चेहरा आमच्या आप्पासरांचा होता. आप्पासर म्हणजे दर रविवारी पेपरात छायाचित्रणावर सदर लिहिणारे. ते वाचून आमच्यासारख्या कितीजणींनी लाटणं ठेवून कॅमेरा धरला, सरांचं शिष्यत्व पत्करलं! गेल्या महिन्यात सर गेले. रविवारी ठाण्यात त्यांची आठवण म्हणून सभा, आणि हार घालायला फोटोच नाही.

असणार कसा? सरांनीच लिहून ठेवलेलं, "चेहरा कोणीही काढतो. माणूस त्याच्या हातांत असतो. हात काढा." आम्ही पडलो आज्ञाधारक. सरांचे हात आमच्याकडे ढिगाने.

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, फोनवर कडाडल्या, "मला यांचं तोंड बघायचंय गं. हातांना हार घालू का?"

"आधार कार्डावरचा चालेल?"

"त्यात पाकीटमार दिसतात."

"मग लग्नातला?"

"त्यात अगदीच पोरगेलेसे दिसतात. लोक विचारतील, मुलगा गेला का?"

निघाले.

पहिला मुक्काम विठ्ठलवाडी. रिक्षावाल्याने नाव ऐकून मला हात जोडले, "मावशी, दर्शनाला का?" म्हटलं, नाही रे बाबा, मैत्रिणीकडे. सुजाता कांबळे, निवृत्त नर्स, सरांची लाडकी. तिने चहाबरोबर तीन अल्बम पुढे टाकले. सरांचे हात चहाच्या ग्लासाभोवती. सरांचे हात कॅमेऱ्यात रोल भरताना. सरांचे हात शेंगा सोलताना.

"अगं, जरा कॅमेरा वर करायचास की!"

"तू केलास?" सुजाता म्हणाली. मग तीच चाळताचाळता थबकली. "हा बघ, यात एक कान आलाय."

"कानावर वहिनी ऐकायच्या नाहीत."

तिलाही बरोबर घेतलं आणि कल्याणहून ठाण्याची बस धरली. दुर्गाडीच्या पुलावर खाडी अशी चकाकत होती की दोघीही कॅमेरे काढून खिडकीत घुसलो. कंडक्टर मागे उभाच. "आजी, आधी तिकिटाचं बघा, मग खाडीचं." पुढे ट्रॅफिकमध्ये बस अशी रुतली की एकाच ट्रकच्या मागच्या बाजूचे आम्ही सगळ्या कोनांतून फोटो काढले. कलाकार उगाच होत नाही माणूस!

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ सरांचे आणखी एक शिष्य, भोईरदादा, राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे इथलेच. वाडवडिलांच्या शेतावर आता टॉवर आहेत, पण दादांची हाक तीच, "आलीस कं ताय?" (आलीस का ताई?) तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण पोटभर खाऊ घातलं. फोटो मात्र सरांच्या सावलीचे, चपलांचे आणि अर्थात हातांचे.

आम्ही उठलो तसे दादा चुळबुळायला लागले. आत गेले, कपाट खडखडलं, आणि पाठीमागे काहीतरी लपवत बाहेर आले.

"हसू नका. मना (मला) लाज वाटते."

फोटो नवरात्रातला, याच नाक्यावरचा. सगळा तिरका. कोपऱ्यात दादांचा भलामोठा अंगठा. आणि मधोमध आप्पासर! तोंड उघडं, भुवया कपाळात, बोट दादांवर रोखलेलं.

"काय म्हणत होते?"

"'भोईर, अंगठा काढ!' ओरडले नं मी दचकलो. बटण दाबलं गेलं."

सुजाता कपाळाला हात लावून म्हणाली, "सभेत हा लावायचा? सर वरून ओरडतील."

"ओरडतायतच की," मी म्हटलं.

वहिनींकडे पोचलो तेव्हा तिघंही एकमेकांना पुढे ढकलत होतो. शेवटी फोटो मीच दिला. वहिनींनी चष्मा लावला. फोटो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. दादा पुटपुटले, "वहिनी, अंगठा कापून देतो."

"कुणाचा?" त्या एकदम म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. हसताहसता पदर डोळ्यांना गेला. "हेच बघा हे! भाजीत मीठ कमी पडलं की अस्सेच दिसायचे. काही कापू नका, आहे तसा मोठा करून आणा."

परतताना लोकलमधून मी डोंबिवलीला उतरले, सुजाता पुढे गेली आणि मी एकटी विचार करत राहिले. सरांनी आम्हाला बघायला शिकवलं, खरंच शिकवलं. पण समोर असलेल्या माणसाचा चेहरा काय, तो रोजचाच, तो कुठे जातोय, असं आपण धरून चालतो.

घरी आले तर आमचे हे पेपर वाचत बसलेले. चपलाही न काढता मी कॅमेरा काढला. "अहो, इकडे बघा जरा. सरळ. तोंड दिसलं पाहिजे."

"आज काय हे?"

"काही नाही, असू दे एक."

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेपराची घडी घातली आणि उठले.

"थांब," म्हणाले, "दाढी करून येतो."